बूथमध्ये रबरी मॅट टाकली आणि झटके वाढले. पावडर कोटिंगवाल्यांनो, मदत करा

शेडवाला · सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वाचक जुना आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

भोसरी एमआयडीसीत आमची छोटी पावडर कोटिंगची शेड आहे. कोरडी रंगाची पावडर विजेच्या गनने लोखंडी मालावर मारायची आणि ओव्हनमध्ये भाजून पक्की करायची, असं हे काम. काकांनी उभी केली, त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठ महिने मी बघतोय. शिक्षण कॉमर्सचं. हिशेब, पार्ट्या, डिलिव्हरी जमतं, मशीनचं अजून शिकतोय. माल धुवायचे सेव्हन टँक, हाताने पावडर मारायचा एक मॅन्युअल बूथ, दोन गन, एक बॉक्स ओव्हन आणि चार पोरं. माल बहुतेक पॅनल बोर्डाचे दरवाजे आणि गाड्यांचे ब्रॅकेट.

मागच्या महिन्यात गनवरच्या पोराचं कोपर बूथच्या कडेला लागलं आणि असा झटका बसला की गन हातातून सुटली. बारीकसारीक झटके आधीही बसायचे, पोरं मनावर घ्यायची नाहीत. या वेळी मात्र त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला मी पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शेडवर आले. कंट्रोलरवर '१०० केव्ही' लिहिलंय, तिथे बोट ठेवून म्हणाले, "साहेब, म्हणजे एक लाख व्होल्ट ना? घरातल्या दोनशे तीसला माणूस जातो." मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

त्याच संध्याकाळी मी पॅनलसमोर अंथरतात ती रबरी मॅट आणली, इलेक्ट्रिकवाल्यांचे जाड रबरी हातमोजे आणले, आणि दुकानदाराने 'शॉकप्रूफ' म्हणून दिलेले बूट सगळ्यांना घेतले. साडेनऊ हजार गेले, पैशाचं काही नाही. पण झटके कमी व्हायच्या ऐवजी वाढले! आधी आठवड्यातून एखादा बसायचा, आता दिवसाला तीन-चार. शनिवारी पोराने ट्रॉलीला हात लावला तेव्हा 'टक्' असा आवाज मला दोन मीटरवरून ऐकू आला. निळसर ठिणगीही दिसली.

वायरमनने सगळं तपासलं. लीकेज नाही, ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत नाही. मग हे येतंय कुठून? झटका जिवावरचा आहे का? आणि संरक्षण वाढवल्यावर त्रास वाढला कसा? उद्या पोरांना गनवर उभं करू की नको, इथपासून सांगा.

वायरमन_सातपूर · सोमवार, रात्री ११:१५

दादा, मॅट टाकली ते बरंच केलं. फक्त आयएस १५६५२ चा शिक्का आहे ना बघा, बाजारात साधं रबरही मॅट म्हणून खपवतात. मला वाटतं तुमचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असावा. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थचा रेझिस्टन्स चढतो. मीठ-कोळसा कधी भरला होता? आधी दोन बादल्या पाणी घाला आणि अर्थ टेस्टर लावून घ्या.

अनुराधा_गनदुरुस्ती · सोमवार, रात्री ११:५०

वायरमनदादा, राग मानू नका. खड्ड्याचं तुमचं बरोबर आहे, मॅटचं नाही.

शेडवाले दादा, उद्या सकाळी पहिलं काम हे करा: मॅट गुंडाळून बाहेर, रबरी मोजे बाहेर, ते बूटही बाहेर. तोवर गन चालू करू नका. का ते सांगते. थोडं लांबेल.

बारा वर्षं मी याच गन दुरुस्त करते. आजच्या बहुतेक गनच्या केबलमधून लाख व्होल्ट येत नाहीत, थोडेच व्होल्ट येतात. गनच्या नळीत राळेत बंद केलेला कॅस्केड असतो, म्हणजे डायोड आणि कपॅसिटर यांची शिडी. पायरी-पायरीने व्होल्टेज चढतं आणि टोकाच्या सुईवर ८० ते १०० किलोव्होल्ट मिळतात. करंट मात्र जास्तीत जास्त शंभरेक मायक्रोअँपिअर. हृदय बंद पाडायला याच्या काही शे पट करंट लागतो. घरच्या वायरमागे अख्खं वीजकेंद्र उभं असतं, या सुईमागे नखाएवढे कपॅसिटर. गन धड असेल, नळीला तडा नसेल, केबल सोललेली नसेल, तर तिच्या सुईचा झटका माणसाला मारत नाही. हे त्या वडिलांना मोकळेपणी सांगा. पण लगेच पुढचंही सांगा, कारण खरा धोका पुढे आहे.

सुईच्या टोकाशी हवा फुटते आणि आयन, म्हणजे विजेचा चार्ज असलेले कण, तयार होतात. त्यातले थोडेच पावडरीला चिकटतात. बाकीचे मोकळे सुटतात आणि समोर जे असेल त्यावर जाऊन बसतात: दरवाजावर, हुकावर, ट्रॉलीवर, तुमच्या पोरावर. ज्याला जमिनीकडे वाट आहे त्याच्यावरून ते निथळून जातात. ज्याला वाट नाही तो भरत राहतो, पन्हळीखाली ठेवलेल्या बादलीसारखा. बादली काठोकाठ भरली आणि जवळ अर्थ झालेला पत्रा आला की एका क्षणात सगळं उसळतं. तेच 'टक्'.

पॅनलसमोर मॅट टाकतात ती मेनचा करंट आपल्यातून जमिनीत जाऊ नये म्हणून. बूथमध्ये आपल्याला नेमकं उलटं हवंय. पोराच्या अंगावर बसलेला चार्ज क्षणोक्षणी, त्याला कळणारही नाही असा, जमिनीत जात राहिला पाहिजे. तुम्ही पायाखालची वाट मॅटने आणि बुटांनी बंद केलीत.

हाताचीही केलीत. गनच्या मुठीला मागच्या बाजूला धातूची पट्टी किंवा वीज वाहणारं काळं प्लास्टिक असतं. ते केबलमधून कंट्रोलरच्या अर्थला जोडलेलं असतं. उघडा तळहात त्यावर टेकला की माणूस आपोआप अर्थ होतो. कंपनीने हे मुद्दाम केलेलं असतं आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गनच्या मुठीवर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असते, घाम येतो म्हणून! ती टेप मी सोलते तेव्हा दरवेळी पोटात गोळा येतो.

बुटांचं एवढंच, 'शॉकप्रूफ' हे लाइनमनचे. तुम्हाला अँटिस्टॅटिक हवेत. त्यांचा रेझिस्टन्स एक लाख ओहम ते शंभर कोटी ओहम यांच्या मध्ये असतो. चार्ज हळू निथळेल इतका कमी, आणि चुकून मेनला हात लागला तर थोडा तरी अडसर राहील इतका जास्त. आयएस १५२९८ च्या बुटांत 'अँटिस्टॅटिक' असं स्पष्ट लिहिलेलं मागा.

शेडवाला · मंगळवार, रात्री १२:३५

ताई, वाचल्यावर झोप येईना, आत्ता शेडवर जाऊन आलो. मॅट काढून गेटबाहेर ठेवली. मुठीवर टेप आहे. दोन्ही गनच्या. आपल्याच हाताने पोरांना धोक्यात टाकलं या विचाराने कसंतरी होतंय.

एक विचारायचं राहिलं. झटका मारत नाही म्हणता, मग "खरा धोका पुढे आहे" म्हणजे काय?

गोकुळ_शिरगावकर · मंगळवार, सकाळी ६:२०

त्याचं उत्तर मी देतो, कारण मी ते पाहिलंय.

२९ वर्षं याच धंद्यात आहे, आता स्वतःचं आहे. तेव्हा दुसऱ्याकडे नोकरीला होतो, जागेचं नाव सांगत नाही. जानेवारी महिना, हवा कोरडी, सकाळची पाळी. खिडकीच्या ग्रिलचं काम होतं. ग्रिल लांब, हूक पुरेना, म्हणून कुणीतरी ती नायलॉनच्या दोरीने टांगली. आमच्यातल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आतल्या कोपऱ्यांत पावडर बसत नव्हती. पावडर कडांकडेच ओढली जाते, कोपऱ्याचा तो त्रास सगळ्या कोटिंगवाल्यांना ठाऊक आहे. खरं तर अशा वेळी व्होल्टेज उतरवायचं असतं. आमच्या सहकाऱ्याने उलट गन पार जवळ नेली आणि पावडर वाढवली. उडालेली पावडर ओढून घेणारा ब्लोअर चालू होता, पण फिल्टर चोंदलेले, ओढ नावालाच.

मी पाच पावलांवर होतो. आधी 'टक्', आणि लगेच 'भप्प'. गॅसची शेगडी उशिरा पेटवल्यावर होतो ना, तसा आवाज, पण खोलीएवढा. पिवळा ढग आतून उजळला आणि विझला. सेकंदही लागला नाही. तो मागे सरला तेव्हा त्याला दोन्ही भुवया नव्हत्या, आणि उजव्या हातावर पिवळी पावडर वितळून कातडीला बसली होती, ओव्हनमधून काढलेल्या मालासारखी गुळगुळीत. दवाखान्यात ती काढताना मी त्याचा डावा हात धरून बसलो होतो. त्याला ओरडायचं नव्हतं म्हणून तो माझी बोटं दाबत होता. डोळे वाचले, त्या वेळी त्याने नेमके मिटले होते म्हणून.

आग बूथमध्ये थांबली हे आमचं नशीब. तीच ज्वाळा डक्टमधून फिल्टरच्या पेटीत शिरली असती तर बंद जागेत तिचा स्फोट झाला असता. ही पावडर म्हणजे इपॉक्सी-पॉलिस्टरचं, प्लास्टिकचं पीठ. आमच्याकडे साखर कारखान्यात साखरेची धूळ पेटते हे लोकांना माहीत असतं, हिचं कुणी मनावर घेत नाही. १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला तेव्हाच त्यात कलम ३७ पेट घेणारी धूळ आणि वायू यांच्यासाठी घातलं होतं.

शेडवाले, मला एक सांगा. झटका ट्रॉलीला बसला म्हणता. माल ट्रॉलीवर टांगूनच मारता ना? मग मॅट होती तेव्हा ट्रॉली कशावर उभी असायची?

शेडवाला · मंगळवार, सकाळी ८:०५

काका, वाचून सुन्न झालो. पोरांनाही चहाच्या वेळी वाचून दाखवलं. कुणी काही बोललं नाही.

ट्रॉलीची चाकं बिडाची आहेत. मॅट दोन मीटरची होती, त्यामुळे पुढची दोन चाकं मॅटवर यायची. मागची दोन कोब्यावर... थांबा, बघून सांगतो.

नाही. मागच्या चाकांखाली पोरांनी मॅटचाच उरलेला तुकडा कापून घातला होता, ट्रॉली एका पातळीत यावी म्हणून.

अनुराधा_गनदुरुस्ती · मंगळवार, सकाळी ९:३०

सापडलं की मग! आधी बिडाची चाकं कोब्यावर टेकलेली, म्हणून बरावाईट का होईना, अर्थ मिळत होता. मॅटने अख्खी ट्रॉली मालासकट तरंगती झाली.

थोडं गणित मांडते. ठिणगीतली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग. माणसाचा कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, दीडशे पिकोफॅरड धरा. रबरावर उभा राहून तो १५ हजार व्होल्टला चढला, तर ठिणगीत १७ मिलिज्यूल. मालाने भरलेली ट्रॉली मोठी असते, पाचशे पिकोफॅरड आणि २० हजार व्होल्ट धरले तर १०० मिलिज्यूल. पावडरीचा ढग पेटायला, पावडर कोणती त्याप्रमाणे, थोड्या मिलिज्यूलपासून काही दहा मिलिज्यूल पुरतात. शनिवारी तुम्ही पाहिलेली निळी ठिणगी त्या मापात बसणारी होती. ढग त्या वेळी तिथे नव्हता, एवढाच फरक.

आता हूक. ट्रॉलीला अर्थ दिला तरी माल हुकावर लटकतो, आणि हूक दर फेरीला मालाबरोबर भाजून निघतो. पाच-सात फेऱ्यांनी त्यावर पावडरीचं कवच चढतं. ते कवच उत्तम इन्सुलेटर. वरून सगळं लोखंड दिसतं, आणि माल मात्र जमिनीपासून तुटलेला.

हे डोळ्यांनी कळत नाही, मोजावं लागतं. साध्या मल्टिमीटरने नको, त्याच्या आतल्या बॅटरीच्या थोड्या व्होल्टने विश्वासार्ह उत्तर मिळत नाही. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे मोठा रेझिस्टन्स मोजायचं मीटर, घ्या. गन बंद, मेन बंद. एक टोक टांगलेल्या मालाच्या उघड्या धातूला, दुसरं बूथच्या अर्थ बोल्टला. एक मेगओहमच्या आत आलं पाहिजे. हा आकडा का, तेही बघा: शंभर मायक्रोअँपिअर एका मेगओहममधून गेले तर मालावर १०० व्होल्ट चढतात, त्याने काही होत नाही. तेच शंभर मेगओहम असेल तर १० हजार व्होल्ट.

आणि यात तुमचा धंद्याचाही फायदा आहे. अर्थ नसलेल्या मालावर पावडर बसत नाही, उडून खाली पडते. पोरं म्हणतात गन कमजोर झाली, तुम्ही ती माझ्याकडे पाठवता, मी तपासते तर गन ठणठणीत. महिन्यातून दोन-तीन गन तरी मी अशा परत पाठवते, सोबत "हूक घासा" अशी चिठ्ठी लावून.

वायरमन_सातपूर · मंगळवार, दुपारी १:१०

अनुराधाताई, राग कसला. रात्रीपासून तीनदा वाचलं. २२ वर्षं "रबरावर उभं राहा" हेच शिकलो आणि हेच शिकवलं. पॅनलपुढे ते बरोबरच आहे, पण कोटिंगच्या तीन शेडमध्ये मी स्वतः बूथमध्ये मॅट टाकून दिल्या आहेत. आज तिघांनाही फोन केले. एकाने लगेच काढली, दुसऱ्याकडे संध्याकाळी जातोय. तिसरा फोन उचलत नाही, त्याच्याकडे उद्या पहाटेच जाऊन उभा राहणार.

ईएलसीबी का पडत नाही तेही आता उमगलं. तो मेनमधली गळती बघतो, मिलिअँपिअरमध्ये. हा मायक्रोअँपिअरचा चार्ज गनमधून सुटून हवेतून येतो. तो ईएलसीबीला दिसायचाच नाही.

माझ्याकडून एक भर. बूथ, कंट्रोलर, पावडरचा हॉपर, ट्रॉलीची जागा, प्रत्येकाची वेगळी तांब्याची पट्टी किंवा वेणीची वायर काढून एकाच अर्थ बारवर आणा. एकाच्या बोल्टवरून दुसऱ्याला, दुसऱ्यावरून तिसऱ्याला अशी साखळी नको, मधला बोल्ट सैल झाला की पुढचे सगळे तुटतात. बोल्टखालचा रंग घासून काढा. पावडर कोटिंगच्या शेडमध्ये बूथही पावडर कोटेड असतो आणि लोक त्याच रंगावर अर्थचा लग आवळतात!

डॉ_पूर्वा · मंगळवार, रात्री ९:४५

कारखान्यांत कामगारांची वार्षिक तपासणी करते. आगीचं सगळं आलंय, मी फक्त अंगाचं बोलते.

पहिली गोष्ट, गनवाल्यांपैकी कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्याने गनजवळ किंवा चालू बूथजवळ जायचं नाही. गनच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, पण ती पुस्तिका कपाटात असते. मुलगा तरुण असला तरी विचारा. आणि भेट द्यायला येणाऱ्या मालकालाही विचारा, मालकांचंच वय अशा यंत्रांचं असतं.

दुसरी, सुट्टी झाल्यावर मुलं कॉम्प्रेसरच्या पाइपने अंगावरची पावडर उडवतात. कृपा करून थांबवा. दाबाची हवा कातडीवरच्या बारीक जखमेतून आत शिरू शकते, कानाचा पडदा फाटू शकतो, आणि पावडर सगळ्यांच्या नाकात जाते ती वेगळीच. केस आणि कपडे व्हॅक्यूमने, हातपाय साबणपाण्याने. थिनरने मुळीच नाही. मुलं तोंडावर रुमाल बांधतात, त्याचा बारीक धुळीला काही उपयोग नसतो. बारीक धूळ गाळणारा एफएफपी२ किंवा त्यावरचा मास्क द्या. दाढीवर तो नीट बसत नाही, हेही त्यांना समजावून सांगा.

तिसरी, बाहेरच्या कामाची पॉलिस्टर पावडर घेताना तिच्यातला हार्डनर (भाजताना पावडर कडक करणारा घटक) कोणता ते विचारा. टीजीआयसी असेल तर जपा, तो पेशींच्या आनुवंशिक द्रव्याला इजा करतो. युरोपात बऱ्याच उत्पादकांनी तो सोडून हायड्रॉक्सीअल्किलअमाइड धरला. डब्यावर नसेल तर सेफ्टी डेटा शीट मागा. ती द्यायला पुरवठादार कुरकुर करत असेल तर पुरवठादार बदला, एवढं मी ठामपणे म्हणेन.

थिनरवाला_वाळूज · मंगळवार, रात्री १०:३०

आमच्याकडे पावडर नाही, पातळ रंगाची इलेक्ट्रोस्टॅटिक गन आहे. तुमच्या पावडरीला पेटायला मिलिज्यूल लागतात, थिनरच्या वाफेला पाव मिलिज्यूलही पुरतो. कुणी हे वाचून "आपण पातळवाले, आपल्याला लागू नाही" असं समजू नये म्हणून लिहितोय. गन थिनरने धुताना हाय व्होल्टेज बंद, नुसता ट्रिगर सोडून नाही तर कंट्रोलरवरूनच बंद. थिनर पत्र्याच्याच डब्यात आणि डब्याला अर्थची क्लिप लावलेली. प्लास्टिकच्या बादलीत मी गन धुऊ देत नाही.

वॉटरबेस रंग वापरणाऱ्यांनी आणखी जपायचं. तो रंग वीज वाहून नेतो, त्यामुळे काही सिस्टिममध्ये रंगाचा डबा मुद्दाम जमिनीपासून तोडून ठेवतात आणि अख्खा डबाच हाय व्होल्टेजवर असतो. अशा डब्याला जाळीचा पिंजरा हवा, दार उघडताच व्होल्टेज बंद झालं पाहिजे. गनच्या सुईत साठा नखाएवढा असतो, इथे तो बादलीभर असतो.

शेडवाला · बुधवार, रात्री ११:००

सगळ्यांचं लिहून घेतोय. गोकुळकाका, तुम्ही ब्लोअरच्या ओढीबद्दल लिहिलंत ते खटकत होतं म्हणून आज दिवसभर बूथपाशी बसलो. रंग बदलताना पोरं ब्लोअर बंद करून दोन-तीन दरवाजे मारून घेतात. विचारलं तर म्हणाले, "दादा, काकांनीच सांगितलंय, पावडर ओढून नेतो, वाया जाते." काकांना फोन केला. म्हणाले, हो, मीच सांगितलं होतं.

गोकुळ_शिरगावकर · गुरुवार, सकाळी ६:१०

काकांना दोष देऊ नका. पावडरीला किलोमागे दोन-अडीचशे रुपये मोजणाऱ्या प्रत्येक छोट्या मालकाने हे केलंय, मीही केलंय.

पण हिशेब करून बघा. गन मिनिटाला दोनशे ग्रॅम पावडर टाकते असं धरू. निम्म्याहून थोडी जास्त मालावर बसते, ऐंशी ग्रॅम हवेत. तुमचा बूथ आठ घनमीटरचा असेल तर ब्लोअर बंद असताना मिनिटाला घनमीटरमागे दहा ग्रॅम भर पडते. ढग पेटण्याजोगा व्हायला घनमीटरमागे काही दहा ग्रॅम लागतात. म्हणजे तीन-चार मिनिटांचा खेळ. खाली बसते ती वजा केली तर मिनिटं थोडी वाढतील, एवढंच. आणि माल तरंगता असेल तर मालावर बसणारीही हवेतच राहते, मग मिनिटं आणखी कमी. डिझाइन करणारे सरासरी प्रमाण पेटण्याच्या किमान मर्यादेच्या निम्म्याच्या वर जाऊ देत नाहीत, आणि ती मर्यादा ठाऊक नसेल तर घनमीटरला दहा ग्रॅम धरतात.

म्हणून हे पोरांच्या लक्षात राहण्यावर सोडू नका. वायरमनकडून इंटरलॉक करून घ्या: ब्लोअरची ओढ नाही तर गनला वीज नाही आणि हवाही नाही. ओढीवर चालणारा स्विच घ्या, नुसता मोटर चालू करणाऱ्या कॉन्टॅक्टरवरून नको. बेल्ट तुटला तरी मोटर फिरतच राहते.

आणि बूथ झाडताना हवेचा पाइप मारायचा नाही. रबरी वायपरने खाली ओढायची, मग धुळीसाठीचा अर्थ केलेला व्हॅक्यूम. बूथ पेटलाच तर आधी गन आणि हवा बंद करा. लांबून दाबाचा फवारा मारला तर खाली पडलेली पावडर उधळते आणि दुसरा ढग तयार होतो. आमच्याकडे त्या दिवशी एकजण आग विझवायचा बाटला घेऊन धावला होता. फोरमनने त्याला कॉलर धरून मागे ओढलं.

शेडवाला · रविवार, संध्याकाळी ७:१५

मंडळी, आठवडा झाला, काय काय केलं ते लिहितो.

गुरुवारी पूर्ण दिवस काम बंद ठेवलं. दोन पार्ट्या ओरडल्या. एकाला हा धागा पाठवला, तो नंतर गप्प झाला. वायरमन_सातपूर दादा शुक्रवारी स्वतःच्या गाडीने भोसरीला आले, मी बोलावलंही नव्हतं. मेगर त्यांचाच. ट्रॉलीवर नेहमीसारखे बारा दरवाजे टांगले आणि एकेक मोजला. तीन दरवाजे एक मेगओहमच्या आत. चार वीस ते साठच्या मध्ये. उरलेल्या पाचांना काटा हललाच नाही. त्या पाचांचे हूक हातात घेऊन पाहिले. करड्या, काळ्या, पांढऱ्या रंगांचे थर एकावर एक, झाडाच्या खोडात वर्षाची वलयं असतात तसे. एक मी करवतीने कापून टेबलावर ठेवलाय. मधे लोखंड काडीएवढं, भोवती रंग बोटाएवढा.

सगळे हूक बदलले. जुने रंग उतरवायला, स्ट्रिपिंगला दिले, उघड्यावर डिझेल टाकून जाळायचे नाहीत हे पोरांना बजावलं. नवीन हूक टोकाला धारदार घेतलेत, मालाच्या भोकात रुततील असे. ट्रॉलीला तांब्याच्या वेणीची क्लिप लावली, बूथमध्ये ट्रॉली आली की पहिली क्लिप, मग गन. बूथच्या अर्थ बोल्टखाली खरंच रंग निघाला. टेप काढली. बूट आले, अँटिस्टॅटिक. उघडा तळहात मुठीला टेकावा म्हणून हातमोज्यांचे तळवे माझ्या आईने शिवणाच्या कात्रीने कापून दिले, कडा दुमडून टिपही मारली. इंटरलॉकचं सामान मंगळवारी येणार, तोवर ब्लोअरच्या स्विचवर पत्र्याचं झाकण आणि किल्ली माझ्या खिशात.

काल काकांना गाडीत घालून शेडवर आणलं. काठी टेकत बूथपाशी गेले, कापलेला हूक हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, मेगर आपला स्वतःचा घे, दर सोमवारी माझ्यासमोर मोजायचं.

त्या पोराचे वडील आज दुपारी आले होते. मी त्यांना आत नेलं, क्लिप लावून दाखवली, मेगरचे आकडे दाखवले, उघडा तळहात मुठीवर का ठेवायचा ते अनुराधाताईंच्या शब्दांत सांगितलं, बादलीचं उदाहरण देऊन. गोकुळकाकांची गोष्टही लपवली नाही. त्यांनी सगळं ऐकलं. बाहेर पडताना गेटपाशी ती गुंडाळलेली मॅट दिसली, तेव्हा थांबून विचारलं, "ही आता कुठे टाकणार?" मेन पॅनलसमोर, म्हटलं. मग आम्ही दोघांनी मिळून ती उचलली आणि तिथे अंथरली.